भैरवडीचं झोपघर

भैरवडीचा तुरुंग बंद झाला तेव्हा त्याची फक्त पश्चिमेची भिंत पाडली गेली. उरलेल्या तीन भिंतींना हात लावायला नगरपालिकेला सवड झाली नाही, आणि काही वर्षांनी त्या तशाच बऱ्या दिसू लागल्या. उघड्या बाजूने वारा येई, ऊन येई, शेळ्या येत. टेहळणीच्या मनोऱ्यावर मधुमालती चढली होती. मोठ्या बराकीत रोपवाटिका होती, आणि तिच्या पलीकडच्या लांबट खोलीत, पांढऱ्या पडद्यांमागे, शिक्षा झालेली माणसं दुपारी झोपत.

दारावर 'उत्तरदायित्व केंद्र' अशी पाटी होती. गावात मात्र त्या जागेला झोपघर म्हणत, आणि तिथे जाणाऱ्यांना झोप्ये.

हर्षदा शेजवळ कडुनिंबाखालच्या बाकावर बसली होती. दर शुक्रवारी दुपारी ती पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेतून निघे. नदीच्या पाण्याचे नमुने फ्रीजमध्ये ठेवून, हात धुऊन इथे येई. पडद्यांतून झिरपणारं ऊन दुधात पाणी घातल्यासारखं दिसे. आत कोणाचा तरी श्वास संथपणे वरखाली होत असे आणि ऐकता ऐकता तीही थोडी तरंगू लागे. मग पडदा हले आणि समर्थ लाड बाहेर येई. गालावर उशीची घडी उमटलेली, डोळे अजून दुसरीकडेच.

हर्षदाच्या धाकट्या भावाचा, दिगूचा, जीव चार वर्षांपूर्वी याच समर्थच्या हातून गेला होता.

"आज काय दिसलं?" तिने विचारलं.

तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. स्वप्न सांडू नये म्हणून जपून बसल्यासारखा.

"दुकान दिसलं, मॅडम. बाहेर ऊन आणि आत गार. दिगूदादा आकाशकंदिलाचा कागद कापत होते. पिवळा. कात्री चालत होती आणि कागद पाण्यासारखा दोन्हीकडे पडत होता."

"मग?"

"मग माझ्याकडे बघून म्हणाले, ताई, चहा टाकतेस का."

हर्षदाला हसू आलं. "तू काय म्हणालास?"

"मी म्हटलं, तूच टाक की." तो ओशाळला. "म्हणजे, तुम्ही सांगितलं होतं तसंच."

"तसंच. मी जन्मात कधी त्याला चहा करून दिला नाही."

रोपवाटिकेतून ओल्या मातीचा वास आला. समर्थ म्हणाला, "आणि ते शीळ वाजवत होते. कापता कापता. हळू. गाणं कुठलं ते नाही कळलं."

हर्षदाने डोळे मिटले. पिवळा कागद, कात्री, आणि त्या आवाजाखालून वाहणारी बारीक शीळ. तिलाही ती ऐकू आली. अगदी स्पष्ट, जणू कायम ऐकत आली होती.

घरी जाताना पुलावर तिच्या लक्षात आलं की शिळेबद्दल आपण समर्थला कधीच काही सांगितलं नव्हतं.

*

दिगूचं बुकबाइंडिंगचं दुकान होतं. नवी पुस्तकं बांधायला कोणी येत नसलं तरी शाळांची, वाचनालयांची, देवळांतल्या पोथ्यांची दुरुस्ती त्याच्याकडे येई. मैद्याची खळ तो स्वतः शिजवे, कीड लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद घाली, आणि दिवाळी आली की त्याच खळीने गल्लीतल्या मुलांचे कंदील चिकटवून देई. अशाच एका दिवाळीच्या तोंडावर समर्थने भाजीचा टेम्पो दुकानाच्या दारात आडवा लावला. बोलाचाली झाली, समर्थने त्याला ढकललं, दिगूचं डोकं पायरीच्या दगडावर आपटलं. तो पुन्हा शुद्धीवर आला नाही.

पूर्वी समर्थची रवानगी तुरुंगात झाली असती. पण तोवर हा जिल्हा तुरुंगमुक्त झाला होता. कोणालाच आवरता येणार नाहीत अशा मोजक्या माणसांसाठी दूर डोंगरात पहाऱ्याची घरं होती. बाकीचे गावातच राहत, काम करत, आणि ज्याचं नुकसान केलं त्याच्यासमोर येत. खुनासारख्या गुन्ह्यांत मात्र समोर येऊन बोलायचं तरी काय? तिथे झोप उपयोगी पडली.

तिच्यामागचं शास्त्र हर्षदाला पहिल्याच बैठकीत पटलं होतं. बाकी सगळ्या संवेदना मेंदूच्या एका मधल्या ठाण्यावर थांबून पुढे जातात. वास मात्र थांबत नाही. तो थेट आठवणींच्या आणि भावनांच्या दारात जाऊन उभा राहतो. एखादी गोष्ट ऐकताना विशिष्ट वास दिला आणि नंतर गाढ झोपेत, मेंदूतल्या लहरी संथ झाल्यावर, तोच वास पुन्हा दिला, तर झोपलेला मेंदू ती गोष्ट उकरून काढतो आणि अधिक खोल रुजवतो. हे जुनं ज्ञान होतं. नवं होतं ते इतकंच: वेळ नीट साधली तर दुसऱ्याची आठवण स्वतःच्या आठवणींच्या मुळांशी जाऊन चिकटते. ऐकणारा मग ती गोष्ट नुसती जाणत नाही, तिच्यात राहतो. गेलेल्या माणसाची त्याला उणीव भासू लागते.

हर्षदाने त्या वेळी एक अख्खा हिवाळा समर्थसमोर बसून दिगू सांगितला. खोलीत खळीचा वास सोडलेला असे. लहानपणचा दिगू, सायकलवरून पडलेला दिगू, 'ताई, तुझं लग्न झालं तर मी जेवू कुठे' म्हणणारा दिगू. सुरुवातीला ती बोले आणि समर्थ भिंतीकडे बघत राही. हिवाळा संपता संपता एका दुपारी तो चाचणीच्या झोपेतून रडत उठला. तेव्हा तिला वाटलं होतं, झाला न्याय.

मग पुढच्या दिवाळीपासून झोपेची ठरलेली तीन वर्षं सुरू झाली आणि ती शुक्रवारी येत राहिली.

*

"माणूस मारला आणि शिक्षा काय, तर दुपारची झोप!" वैशालीआत्या चकलीचा सोऱ्या दाबत म्हणाली. "तीसुद्धा पंख्याखाली. मला द्या म्हणावं ही शिक्षा. जन्मठेप द्या."

आत्या म्हणजे हर्षदाच्या वडिलांची बहीण. वडील गेल्यापासून घरात ती, हर्षदा आणि दिगू होते. आता त्या दोघीच. आत्याची जीभ चकलीच्या काट्यासारखी होती आणि झोपघराबद्दलचं तिचं मत पहिल्या दिवसापासून बदललं नव्हतं.

"त्याची मुदत संपते आहे, आत्या. या दिवाळीत."

"म्हणजे सुटला."

"वाढवता येते. मी हो म्हटलं आणि तोही हो म्हणाला तर."

"तो कशाला हो म्हणेल?"

चकल्या कढईत तळाशी गेल्या, फिरल्या, वर तरंगल्या. हर्षदा त्यांच्याकडे बघत हलकेच म्हणाली, "त्याच्या स्वप्नात दिगू अजून दुकानात बसलेला असतो. काल कागद कापत होता. शीळ वाजवत होता, नेहमीसारखी."

आत्याचा हात थांबला.

"कोण शीळ वाजवत होतं?"

"दिगू. कापताना वाजवायचा ना."

"हर्षू, दिगूला शीळ कुठे येत होती? पुढचे दोन दात असे फाकलेले. नुसती हवा जायची. तुझ्या बापाने शिकवलं, मी शिकवलं, शेवटी रडायला लागला तेव्हा तूच त्याला पत्र्याची शिट्टी आणून दिलीस. तुला आठवत नाही?"

हर्षदाने आठवून पाहिलं. फाकलेले दात. हो, असावेत. पत्र्याची शिट्टी. तिने त्या दुपारीत शिरायचा प्रयत्न केला. पण आत गेल्यावर दिगू पाठमोरा बसलेला होता, पिवळा कागद कापत, आणि त्याच्याभोवती शीळ धुक्यासारखी पसरली होती. तो मागे वळेना.

"जळतायत," आत्या म्हणाली आणि तिच्या हातातला झारा काढून घेतला.

*

नसीम मुल्ला ही केंद्राची प्रमुख. तिचे वडील याच तुरुंगात शिपाई होते. मुलगी आता त्यांच्याच जुन्या खोलीत बसते हे गावाला गमतीचं वाटे, तिला वाटत नसे.

"अब्बा सांगायचे," ती एकदा म्हणाली होती, "आत आलेला माणूस काही दिवस आपण काय केलं ते आठवतो. पुढे त्याला फक्त आपल्यावर काय होतंय तेवढंच आठवतं. भिंत त्याला पळून जायला अडवत नव्हती, हर्षदाताई. तुमच्यापर्यंत यायला अडवत होती."

आज हर्षदाने तिच्यासमोर बसून शिळेची गोष्ट सांगितली. एखाद्या नमुन्यातली अशुद्धी सांगावी तशी, कमी शब्दांत.

नसीमने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे होणारच होतं. मी तुम्हाला ते आधीच सांगायला हवं होतं. आठवण ही कपाटातली वस्तू नाही. दर वेळी काढली की ती ओल्या मातीसारखी मऊ होते, आणि परत घट्ट होईपर्यंत जे हात लागतील त्यांचे ठसे घेते. तुम्ही सांगताना तुमची मऊ झाली. त्याची स्वप्नं ऐकताना दर शुक्रवारी पुन्हा होते. झोप रिकाम्या जागा सोडत नाही, तिथे ती काहीतरी विणते. तो विणतो आणि तुम्ही ते घरी नेता."

"म्हणजे मी भाऊ त्याच्याकडे दिला आणि त्याच्याकडून दुसराच परत आणते आहे."

"थोडा थोडा."

बाहेर समर्थ रोपांना पाणी घालत होता. झारीतल्या धारांवर ऊन पडून त्याच्या हाताशी लहानसं इंद्रधनुष्य उभं राहत होतं आणि मोडत होतं.

"तो काय म्हणतो? मुदतीबद्दल?" हर्षदाने विचारलं.

"वाढवा म्हणतो." नसीमने खिडकीबाहेर पाहिलं. "बंदरावर त्याला नोकरी ठरली होती, ती नको म्हणाला. तुम्हीही वाढवा म्हणालात तर माझ्या नियमात ते बसतं. पण मनाला पटत नाही. हे घर मी माणसं झोपवून ठेवायला चालवत नाही. भाऊबीज झाली की केंद्र उघडेल. तेव्हा सांगा."

हर्षदा जिन्याशी थांबली. "नाही म्हटलं तर वास बंद?"

"वास बंद. हळूहळू स्वप्नंही विरतील. त्याला दिगू माहीत असेल, पण भेटणार नाही."

आणि मलाही नाही, हर्षदाच्या मनात आलं. घरी खळ शिजवून तिने कितीदा पाहिलं होतं. तिच्यापुरता तो वास कधीच संपला होता. तिला आता नुसता शिजलेला मैदा जाणवे. दिगू ज्या एका जागी अजून हसत होता ती जागा या मुलाच्या बंद पापण्यांमागे होती, आणि त्या जागेची किल्ली हर्षदाच्या हातात होती.

*

भाऊबीजेच्या संध्याकाळी गावातल्या बऱ्याच बायका तबकं घेऊन जुन्या तुरुंगाच्या आवारात येत. ज्यांना भाऊ नाही, किंवा ज्यांचा उरला नाही, त्या चंद्राला ओवाळतात. पण द्वितीयेचा चंद्र सूर्यामागोमाग उतरणारा, पश्चिमेला अगदी खाली. गावातल्या इमारतींमुळे तो दिसत नसे. भिंत पडल्यापासून इथून थेट भैरवाच्या डोंगरापर्यंतचं आभाळ मोकळं होतं.

वैशालीआत्या दर वर्षी येई, भावासाठी. हर्षदा दिगू गेल्यापासून एकदाही आली नव्हती. चंद्राला ओवाळायचं म्हणजे भाऊ नाही हे कबूल करायचं. आज ती आत्याच्या मागून चालत आली. आत्याने मोठं तबक काढलं होतं, दोन निरांजनांचं.

समर्थ तिथेच होता. रोपांना दिवाळी नसते, त्यांना पाणी लागतंच. बायकांना पाहून तो झारी घेऊन बराकीच्या सावलीत सरकला.

"काय रे," आत्याने हाक मारली, "झोप झाली का नीट?"

"हो, आजी."

"आजी कोणाला म्हणतोस? आत्या म्हणतात मला."

तो गोंधळून उभा राहिला. हर्षदा त्याच्याजवळ गेली. आभाळ केशरी होतं, डोंगराची कड काळी, आणि चंद्र अजून उजेडात बुडालेला.

"मुदत वाढवा म्हणालास?"

त्याने मान हलवली.

"का? तीन वर्षं झाली. बंदरावर जा, समुद्र बघ. कोणी अडवत नाही तुला."

त्याने झारी खाली ठेवली. "तिथे मी त्यांना मारलेलं नसतं, मॅडम." आवाज इतका हळू की तिला पुढे वाकावं लागलं. "झोपेत. तो दिवस येतच नाही. आधी मी घाबरून वाट बघायचो, आज येईल, उद्या येईल. मग कळलं, तो येणारच नाही. तुम्ही तिथे नव्हता ना. तुम्ही तो दिवस सांगितलाच नाही. तुमच्याकडे जिवंत असलेलेच दिवस होते. ते सगळे मला दिलेत. मी तिथेच बसतो."

हर्षदाला पायाखालची माती ओलसर, गार लागली. तीही तिथेच तर बसत होती. दर शुक्रवारी, बाकाच्या या टोकाला. दोघांनी मिळून एक गार दुकान बांधलं होतं, बाहेर कायम ऊन, आत कायम कात्री, आणि जो माणूस मध्ये बसला होता तो तिचा भाऊ नव्हता. तिचा भाऊ पायरीवर पडला होता, चार वर्षांपूर्वी. त्याच्याकडे कोणी गेलंच नव्हतं.

"तो दिवस तुझ्याकडे आहे," ती म्हणाली. "तू मला सांग."

"कोर्टात सांगितलं सगळं."

"कोर्टात धक्का किती जोरात ते विचारलं. पायरी किती उंच ते विचारलं. दिगू काय बोलला ते कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही."

समर्थने डोळे मिटले.

"मिटू नकोस," हर्षदा म्हणाली. "जागा राहा आणि सांग."

त्याने ते उघडले.

"मी शिव्या देत होतो. ते आतून आले तर दोन्ही हात असे वर." त्याने कोपरात वाकवून हात वर धरले. "हाताला खळ होती. पार मनगटापर्यंत. मी अंगावर गेलो. त्या दिवशी मी नवा शर्ट घातला होता, दिवाळीचा. ते हात आणखी मागे घेत म्हणाले, 'अरे, लांब हो, शर्टाला खळ लागेल.' आणि मी ढकललं. त्यांना दाराची चौकट नीट धरता आली असती तर पडले नसते. धरली, पण हात घसरला. खळीमुळे. त्यांनी मला हात लावला नाही, मॅडम. शेवटपर्यंत नाही लावला. शर्ट कोरा राहिला माझा."

मागे बायकांची हलकी कुजबुज चालली होती, कोणाच्या तरी बांगड्या वाजत होत्या.

वैशालीआत्या केव्हा जवळ येऊन उभी राहिली ते कळलं नव्हतं. तिने पदराने डोळे पुसले, मग नाक पुसलं.

"हा दिगू," ती म्हणाली. "मेला, शर्टाची काळजी करत बसला."

आणि हर्षदाला तो दिसला. पाठमोरा नाही. दारात, हात वर धरून, वैतागलेला, फाकलेल्या दातांतून हवा सोडत बोलणारा. कपाळावरची बट हाताने सारता येईना म्हणून फुंकर मारणारा. तो शीळ वाजवत नव्हता. तो मरणार होता आणि त्याला ते माहीत नव्हतं, आणि तो पूर्णपणे तोच होता. चार वर्षांनी तिला पहिल्यांदा त्याच्यासाठी रडू आलं, मोठ्याने, बायका वळून बघतील असं.

समर्थ उभाच होता. तिने त्याला जायला सांगितलं नाही, जवळ यायलाही सांगितलं नाही.

"हर्षू," आत्या म्हणाली, "चंद्र आला बघ. हा थांबायचा नाही."

केशरी रंग विरला होता आणि डोंगरावर एक नखाएवढी रेघ उजळली होती, इतकी बारीक की नजर हलली तर हरवावी. बायका पुढे सरकल्या. हर्षदाने आत्याच्या हातून तबक घेतलं. भिंत नसलेल्या त्या बाजूने वारा सरळ येत होता आणि दोन्ही ज्योती आडव्या होत होत्या. समर्थ दोन पावलं पुढे आला आणि वाऱ्याच्या बाजूला आपल्या तळहातांचा आडोसा धरून उभा राहिला, तिच्याकडे न बघता. ज्योती सरळ झाल्या.

तिने आभाळाला कुंकू लावल्यासारखं बोट टेकवलं, अक्षता उडवल्या, आणि सावकाश ओवाळलं. चंद्र तिच्या तबकाच्या वर्तुळात येत राहिला, जात राहिला. मग तो डोंगराच्या कडेला टेकला, थोडा वेळ तिथेच रेंगाळला, आणि उतरला. त्याच्या जागी नुसती काळी कड उरली.

बायका पांगू लागल्या. समर्थने हात खाली घेतले. त्याच्या चेहऱ्यावर झोपेतून उठलेल्या माणसाचा भाव होता, पण या वेळी डोळे इथेच होते.

"नसीममॅडमना मी सांगते आहे," हर्षदा म्हणाली, "झोप बंद."

"मग मी काय करू?"

"बंदरावर जायचं तर जा. नाहीतर मी दुकान उघडते आहे. वाचनालयाच्या पुस्तकांचे गठ्ठे तसेच पडलेत, वाळवी लागायची. मला एकटीला ते जमणार नाही. शिवण मला येते, थोडी. खळ शिजवायला मी शिकेन."

"मोरचूद चिमूटभरच," आत्या मध्येच म्हणाली. "नाहीतर निळीशार करून ठेवशील."

अंधारात समर्थने झारी चाचपून उचलली, राहिलेलं पाणी शेवटच्या वाफ्यात ओतलं. पाणी मातीत मुरल्याचा आवाज आला.

हर्षदा आत्याचा हात धरून निघाली. पडलेल्या भिंतीच्या दगडांपाशी पोहोचल्यावर ती थांबली आणि मागे वळून म्हणाली,

"आणि समर्थ, येताना जुना शर्ट घालून ये. खळ लागते."